सुरूच्या बनातली तिरकी वाट

फाल्गुन निम्म्यावर आला की आमच्याकडे दुपारचा वारा अंग धरतो. सकाळी समुद्र निपचित पडलेला असतो, माडाचं पातंसुद्धा हलत नाही. जेवणं उरकून माणसं जरा आडवी झाली की वायव्येकडून पहिली झुळूक येते. पाठोपाठ दुसरी येते. मग कुणी दाराला खांदा लावून आत घुसावं तसा वारा घरात शिरतो आणि दिवेलागणीपर्यंत बाहेर जायचं नाव घेत नाही. परवा अशाच दुपारी माझी सून म्हणाली, "आई, खिडकी लावू? ताटात रेव येता." मला हसू आलं. वाळूचे चार कण ताटात आले की तिला ती रेव वाटते. ज्या रेवेत मी वाढले ती ताटात यायची नाही. आमचं ताट, पाट, चूल आणि अंथरूण तिच्यात असायचं.

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, एकाच किनाऱ्यावर. मालवणच्या उत्तरेला, लांबलचक पांढऱ्या पुळणीच्या दोन टोकांना दोन वाड्या. दक्षिणेच्या वाडीच्या पाठीशी डोंगराची सोंड समुद्रात उतरलेली, त्यामुळे तिथे वारा अडून मऊ व्हायचा. उत्तरेची वाडी मात्र उघडी. वाऱ्याला वाटेत काहीच नाही. पुळणीवरची कोरडी रेव उचलायची आणि सरळ आमच्या अंगणात आणून टाकायची, एवढंच त्याचं काम.

आई सकाळी उठून आधी उंबरठा शोधायची. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. दार उघडलं की उंबरठ्याच्या जागी रेवेचा उतार असायचा आणि तो हिराच्या वाढवणीने, म्हणजे झाडूने, ओढून काढल्याशिवाय दुसरं काम सुरू व्हायचं नाही. मागच्या परसात माझ्या आजोबांनी लावलेले माड होते. त्यांची खोडं रेवेत बुडत बुडत इतकी खाली गेली होती, की मी लहानपणी उभ्या उभ्या शहाळ्याला हात लावायची. शेजारचं घर सोडून माणसं केव्हाच निघून गेली होती. त्या घराच्या छपराची फक्त माथ्यावरची कणी रेवेवर राहिली होती आणि तिच्यावर शेरडं चढून बसायची. आमच्या विहिरीचा काठ आई दर दोन-तीन वर्षांनी चिऱ्यांच्या नव्या थराने उंच करून घेई. विहीर खोल खोल होत गेली, पण पाणी गोड राहिलं. सगळ्या वाडीत खारट न झालेली ती एकच विहीर.

वडील मी शाळेत असताना तापाने गेले. आईने डोक्यावर पाटी घेतली. पहाटे दक्षिणेच्या वाडीत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की तिथून मासे घ्यायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. तिचं नाव जानकी. बाजारात तिला जानकीबाय म्हणत. ती फार बोलत नसे, पण जे बोलायची ते पुन्हा बोलावं लागत नसे. मला तिने सातवीपर्यंत शिकवलं आणि मग त्याच रापणीच्या तांडेलाच्या घरी, म्हणजे भिवा तांडेलाच्या थोरल्या मुलाशी माझं लग्न लावून दिलं. तांडेल म्हणजे जाळ्याचा आणि होडीचा म्होरक्या. समुद्राचा रंग बघून मासा कुठे आहे हे तो सांगणार आणि सगळी वाडी त्याच्या शब्दावर दोरीला हात घालणार.

लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा रेवेशिवाय भात खाल्ला. दाताखाली काहीच वाजलं नाही. मला तो भात कच्चा वाटला.

*

महाराष्ट्र राज्य नवीन होतं तेव्हाची ही गोष्ट. गावोगावी योजना येत होत्या. कुठे बंधारा, कुठे सडक, कुठे काजूची लागवड. वेंगुर्ल्याकडून कुणी आलं की नवीन कलमांच्या गोष्टी सांगायचं. आमच्याकडे आली ती सुरूची योजना. किनाऱ्यावरची सरकारी जमीन ताब्यात घेऊन तिथे सुरूची झाडं लावायची, म्हणजे रेव अडेल, मागची घरं आणि शेतं वाचतील, पुढे जळण मिळेल, असं ठरलेलं. त्यासाठी फाल्गुनात इनामदार नावाचे जंगलखात्याचे साहेब आले. साताऱ्याकडचे. फोंडाघाट उतरून पहिल्यांदाच खाली आलेले, समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. सडसडीत माणूस, डोक्यावर खाकी टोपी. शाळेच्या एका खोलीत राहायचे. पाण्याच्या कडेने चालताना लाट जवळ आली की ते नकळत बाजूला व्हायचे, आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायचे.

त्यांनी दोन्ही वाड्यांना देवळात बोलावलं. सभामंडपात नकाशा पसरला. वाऱ्याने तो उडू लागला तेव्हा पोरांनी चार कोपऱ्यांवर शिंपले ठेवले. नकाशावर आमची पुळण होती, पण ती पुळण म्हणून लिहिलेली नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं 'सरकारी पड'. मला वाचता येत असल्यामुळे बायकांनी मला पुढे ढकललं होतं, म्हणून ते शब्द मी पाहिले. पड म्हणजे ज्याचा काही उपयोग होत नाही ती जमीन. माझ्या डोळ्यांसमोर ती पड उभी राहिली. तिच्यावर होड्या ओढलेल्या असतात, जाळी वाळतात, खारवलेले बांगडे सुकतात. शिमग्याची होळी तिथे उभी राहते. आमची माणसं गेली की तिथेच जळतात. आणि पहाटे तिथेच रापण ओढली जाते. तो शब्द डोक्यात राहिला तो आजतागायत.

साहेबांनी हिरव्या पेन्सिलीने काढलेली पट्टी दाखवली. डोंगराच्या सोंडेपासून उत्तरेच्या टोकापर्यंत अखंड. "इथे कुठेही खंड ठेवायचा नाही," ते म्हणाले. "वाऱ्याला एक फट सापडली तर तो तिथूनच शिरतो."

माझ्या आईच्या वाडीतली माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने तर साहेबांना हातच जोडले. तेवढ्यात माझे सासरे म्हणाले, "आणि आमची रापण?"

"रापण म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं. त्यांनी अगदी खरं विचारलं होतं. जाळ्याला काय म्हणतात हे साताऱ्याच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? पण मंडपात हसू फुटलं आणि सासऱ्यांना ते हसू साहेबांचं वाटलं. त्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि ते उठून गेले. त्यांच्यामागे आमची सासरची सगळी वाडी उठली.

दोन-चार दिवसांत पुळणीवर खुंट्या ठोकल्या गेल्या, टोकांना लाल रंग लावलेल्या. त्या आमच्या रापणीच्या जागेतूनही गेल्या. एका पहाटे आमच्या वाडीतल्या पुरुषांनी त्या उपटल्या. उपटून फेकल्या नाहीत. मोळी बांधली, नीट सुतळीने आवळली आणि शाळेच्या पायरीवर नेऊन ठेवली. माझा नवरा वसंता त्यांच्यात होता. घरी आल्यावर हात धुता धुता तो म्हणाला, "साहेब जागो होतो. बघी होतो. कायएक बोललो नाय."

साहेब बोलले नाहीत हे खरं. पोलीसही बोलावले नाहीत. पण काम थांबलं. वाडीची अशी तक्रार असेल तर ही लागवड दुसऱ्या किनाऱ्याला जाईल, असं वरून कळवलं असल्याची बातमी गावात फिरली, आणि ती माझ्या आईपर्यंत पोचली.

*

त्या सकाळी रापण ओढून झाली होती. बायका पाट्या घेऊन मासे वाटायची वाट बघत होत्या. मी सासूबाईंच्या मागे उभी होते. आई पाण्याच्या कडेने चालत आली. रोज यायची तशीच, फक्त पाटी डोक्यावर नव्हती, बगलेत होती. ती सरळ सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"भिवा, खुट्यो तू उपटलंस?"

"वाडीन उपटल्यो," सासरे म्हणाले. "जागा आमची आसा. बापाशीच्या बापाशीपासून आमी हयसर दोरी वढतोव."

"जागा तुमची. आणि रेव आमची?"

कुणी हसलं नाही.

"जानकी, रापण बंद झाली तर ह्या वाडीतल्यो चुली विझतल्यो."

"माझी चूल विझाक नाय," आई म्हणाली. "रेवेत पुरान गेली. येवन बघ."

सासऱ्यांनी समुद्राकडे पाहिलं. विहिणीला चारचौघांत उत्तर द्यायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. आई म्हणाली, "ह्या रापणीचो मासो आजपासून माझ्या पाटयेत पडाचो नाय."

जाताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काही मागणंही नव्हतं. मला वाटतं, मी कुठे उभी आहे तेवढंच तिने पाहून घेतलं. मी सासूबाईंच्या मागे उभी होते.

दुसऱ्या दिवसापासून ती डोंगर ओलांडून पलीकडच्या बंदरावर मासे घ्यायला जाऊ लागली. काळोखात निघायची, चढ चढायची, उतरायची, मासे घ्यायची, आणि तिथून बाजार. आमच्या पुळणीवरून रोज ती येता-जाता दिसायची, पण पाण्याच्या अगदी कडेने, मान वर न करता. माहेर आणि सासर एकमेकांना दिसतात याचं मला लग्नात फार सुख वाटलं होतं. त्या दिवसांत मला वाटायचं, मधे एखादी खाडी असती तर बरं झालं असतं.

घरात कुणी मला काही बोललं नाही. सासरेही नाहीत. फक्त वसंता एकदा जेवताना आईबद्दल म्हणाला, "तुझी आवस खूप चलता." मी म्हटलं, "होय." एवढंच.

*

योजना हा शब्द आता मुलांच्यासुद्धा तोंडात असतो. मी पुढे प्राथमिक शाळेत शिकवू लागले तेव्हा भूगोलाच्या पुस्तकात तो वारंवार यायचा आणि दर वेळी मला इनामदार साहेब आठवायचे. सरकार म्हणजे कुणी मोठा, लांबचा, न दिसणारा, असं आपण समजतो. माझ्यापुरतं सरकार म्हणजे लाटेला बिचकणारा, रात्री शाळेच्या बाकावर झोपणारा, आणि रोज संध्याकाळी एकटाच उत्तरेच्या वाडीत जाऊन रेव किती सरकली ते बघणारा एक माणूस. खुंट्यांची मोळी पायरीवर मिळाल्यावर तो निघून जाऊ शकला असता. कुणी त्याला नावं ठेवली नसती.

त्याऐवजी एका पहाटे ते पुळणीवर आले. रापण टाकली होती. होडीने समुद्रात अर्धचंद्र काढला होता आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आल्या होत्या. एकेका दोरीला माणसांची रांग. दोरी ओढायची ती पाठमोरं चालत. पाण्यापासून मागे मागे सरकत वर यायचं, रेव संपेपर्यंत. शेवटचा माणूस हात सोडतो, धावत पाण्यापाशी जातो आणि पुन्हा पुढून दोरी धरतो. अशी ती रांग फिरत राहते आणि जाळं हळूहळू जवळ येतं.

साहेबांनी चपला काढल्या. टोपी होडीत ठेवली. सासऱ्यांना म्हणाले, "मी धरू का?"

सासरे म्हणाले, "धरा."

साहेबांनी दोरी धरली. ओली, खारी, काथ्याची दोरी. हाताची सालं काढणारी. ते आमच्या माणसांबरोबर मागे सरकू लागले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घामाने निथळत होते, पण सोडत नव्हते. एक खुंटी आमच्या माणसांकडून उपटायची राहून गेली होती, वर, कोरड्या रेवेत. साहेब मागे बघत नव्हते, दोरी ओढणारा कधीच मागे बघत नाही. त्यांची टाच खुंटीला लागली आणि ते सपशेल उताणे पडले. पुढचे दोघे मागे सरकता सरकता त्यांच्यावर अडखळले. दोरी सैल झाली आणि सासऱ्यांनी हाळी दिली तेव्हा कुठे पुन्हा ताणली गेली.

हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. साहेब रेवेत बसून होते. त्यांनी खुंटीकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग माणसांच्या त्या मागे मागे सरकणाऱ्या रांगेकडे. माझे सासरे त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनी हात पुढे केला.

"लागला?" सासऱ्यांनी विचारलं.

"लागलं," साहेब म्हणाले. "इथे झाडं आली तर तुम्ही मागे जाणार कुठे?"

"तांच सांगी होतंय मी."

"तेव्हा मला कळलं नाही. आता तुम्ही एक करा, तांडेल. आज दुपारी माझ्याबरोबर उत्तरेच्या वाडीत चला. वारा सुटल्यावर."

सासरे पहाटे उठणारे. दुपारी ते झोपायचे. उत्तरेची वाडी त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती, पण सकाळची, शांत, स्वच्छ. तरी ते निघाले. निघताना मला म्हणाले, "सूनबाय, तू पण चल. तुझी आवस माका दारात उभो करूची नाय."

*

त्या दुपारचं मला सगळं आठवतं. पुळणीवरून रेव अशी वाहत होती जशी पावसात ओहोळाचं पाणी वाहतं. घोट्याएवढ्या उंचीवर, पिवळसर, सळसळत. मी पदराने तोंड बांधलं. साहेबांनी रुमाल बांधला. सासऱ्यांनी काही बांधलं नाही. ते डोळे बारीक करून चालत राहिले.

आई मागच्या भिंतीशी होती. फावड्याने रेव ओढत होती आणि ती ओढेपर्यंत तेवढीच पुन्हा येत होती. आम्हाला पाहून तिने फावडं ठेवलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं. पण दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं नाही, हे तिला जमणारं नव्हतं. ती विहिरीवर गेली, पाणी काढलं, तांब्याचं तोंड हाताने झाकून आणलं आणि सासऱ्यांच्या पुढे धरलं. तिने हात काढला तेवढ्यात वाऱ्याने तांब्यात रेव ओतली. आमच्या डोळ्यांदेखत.

सासऱ्यांनी तो तांब्या पाहिला. मग तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायले. रेव त्यांच्या दातांत वाजलेली मला ऐकू आली.

त्यांनी घर आतून पाहिलं. मागची खोली अर्धी भरली होती. चुलीच्या जागी आईने दुसरी चूल मांडली होती, पहिलीच्या वर. बाहेर येऊन ते साहेबांना म्हणाले, "झाडां लावा. पण आमका वाट ठेवा."

साहेबांनी डोकं हलवलं. "अखंड पट्टी वरून ठरलेली आहे. माझ्या एकट्याच्या हातात नाही. पण मी रत्नागिरीला जाऊन सांगेन. पडल्याचंही सांगेन," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

आईने फावडं पुन्हा उचललं.

*

साहेब रत्नागिरीला गेले, परत आले, पुन्हा गेले. उत्तर येत नव्हतं. वरच्या लोकांना दोष देणं सोपं आहे. पण एका गावाला वाट दिली की दुसरं गाव मागणार, आणि मग पट्टीत पट्टी कुठे उरणार, ही त्यांची काळजी खोटी नव्हती. इकडे वारा मात्र कुणाची वाट बघत नव्हता. वैशाखात आईची मागची भिंत पडली.

निरोप आला तेव्हा मी धावत निघाले. पुळणीवर अर्ध्या वाटेत पाहते तो सासरे, वसंता आणि वाडीतले सगळे पुरुष फावडी-घमेली घेऊन माझ्या पुढे निघालेले. त्यांनी दिवसभर रेव उपसली. वासे वाचवले, कौलं उतरवून पुढच्या अंगणात रचली, आडवी भिंत घालून पुढचा सोपा आणि माजघर राहण्यासारखं केलं. मागचं अर्धं घर गेलं ते गेलंच. माझा जन्म त्या खोलीत झाला होता.

आई सगळा वेळ विहिरीच्या काठावर बसून होती. तिने कुणाला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले. "आये, आमच्याकडे चल. चार दिवस तरी."

"आणि इहीर?" ती म्हणाली. "मी गेलंय तर हिचो काठ कोण चढवतलो?"

तिच्या वाडीतल्या उरलेल्या सगळ्या घरांना त्या एका विहिरीचं पाणी होतं.

मिरग जवळ आला आणि साहेब परवानगी घेऊन आले. वाट ठेवायला मंजुरी होती, पण एका अटीवर. रोपं जगवायची जबाबदारी वाडीची. गुरं-शेरडं आत शिरली, रोपं मेली, तर वाट बंद करून तिथेही लागवड होईल. सासरे म्हणाले, "बरां आसा. आमची वाट, आमची राखण."

मग साहेबांनी एक नवी गोष्ट काढली. वाट सरळ ठेवायची नाही, तिरकी ठेवायची. वारा वायव्येचा, सरळ वाट म्हणजे त्याला उघडं दार. वाट नैऋत्येकडे तोंड करून वळवली तर वारा झाडांवर आपटेल आणि माणसं तेवढी आतबाहेर जातील. हे आमच्यात कुणाला सुचलं नव्हतं. पण तिरक्या वाटेत दोरी ओढता येईल का, हे साहेबांना माहीत नव्हतं. सासरे म्हणाले, "वढून बघूक व्हयी." भर दुपारी, समुद्रात जाळं नसताना, वाडीतल्या पुरुषांनी कोरड्या रेवेवर दोरी धरली. एका टोकाला होडी बांधली आणि साहेबांनी आखलेल्या रेषांतून पाठमोरं चालायला सुरुवात केली. "अजून डावीकडे!" साहेब ओरडायचे. "थंय हात आपटतत!" सासरे ओरडायचे. खुंट्या हलवल्या जायच्या. पुन्हा ओढायचं. वाटेची रुंदी अशी ठरली. नकाशावर ती नंतर काढली गेली.

आषाढात रोपं आली. रस्ता संपेपर्यंत ट्रकने आणि तिथून आमच्या डोक्यांवरून. बोटभर जाड, केसांसारखी हिरवी पानं. झिम्माड पावसात दोन्ही वाड्यांच्या बायका ओळीने बसून खड्ड्यांत रोपं लावत होत्या आणि पुरुष माडाची चुडतं रोवून कुंपण करत होते. आईने तिच्या परसामागची रांग लावली. मी आमच्या वाटेच्या कडेची लावली. मधे पुळणीचं सगळं अंतर होतं. पण दोघींचे हात एकाच चिखलात होते, हे मला तेव्हाही जाणवलं होतं.

*

भाद्रपदात इनामदार साहेबांची बदली झाली. घाटावर, कुठल्याशा डोंगराळ भागात. रोपं तेव्हा गुडघ्याएवढी होती. जायच्या दिवशी ते आमच्या घरी आले, सासऱ्यांबरोबर चहा प्यायले. निघताना सासऱ्यांनी सुकवलेल्या बांगड्यांची जुडी बांधून दिली. साहेब शाकाहारी होते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

पुढे झाडं वाढली. माझ्या आईने त्यांची सावली पाहिली, त्यांच्या वाळक्या काटक्यांवर भात शिजवला. उत्तरेच्या वाडीत पुन्हा नवी घरं झाली. सगळंच बरं झालं असं नाही. पट्टीच्या पुढे काही ठिकाणी समुद्राने पुळण खाल्ली, आणि पुढच्या काळात यांत्रिक होड्यांनी रापणीचा मासा कमी केला. कुठलीही योजना समुद्राला पुरी पडत नाही. पण सुरूतून वारा जातो तेव्हा जो आवाज होतो, लांबून समुद्रासारखाच, तो ऐकला की मला आजही वाटतं, माणसांनी एकमेकांना अडवून नव्हे, एकमेकांना जागा करून दिली म्हणून हा आवाज इथे आहे.

साहेबांनी त्यांच्या वाटेतून रापण ओढलेली पाहिली नाही, याची मला हळहळ वाटते. ती आश्विनात ओढली. पावसानंतरचं पाणी निवळलं होतं. सासऱ्यांनी उजाडता उजाडता डोंगराच्या सोंडेवरून पाहिलं आणि हाळी दिली. जाळं पडलं, दोऱ्या आल्या, रांगा लागल्या. थोड्याच वेळात कळलं की जाळं जड आहे. फार जड. माणसं मागे सरत नव्हती, जागच्या जागी पाय रोवून उभी होती.

"हात व्हये!" सासरे ओरडले. "हात लावा रे! बायकांनु, तुमी पण येवा!"

आम्ही पाट्या टाकल्या आणि दोरीला धावलो. तेवढ्यात पाण्याच्या कडेने माझी आई येत होती. पलीकडच्या बंदरावरून, डोक्यावर भरलेली पाटी घेऊन. फाल्गुनापासून ती अशीच जायची, मान वर न करता. त्या दिवशी ती थांबली. जाळ्याच्या आत पाणी उकळत असल्यासारखं दिसत होतं. तिने दोरीकडे पाहिलं, दोरीवरच्या माणसांकडे पाहिलं. मग पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि माझ्या मागे येऊन दोरी धरली.

मला मागे बघायचं नव्हतं. दोरी ओढणारा मागे बघत नाही. फक्त तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. आम्ही मागे सरलो, पुन्हा मागे सरलो, आणि मग दोन्ही बाजूंना गुडघ्यावरची हिरवी रोपं आली, आणि आम्ही तिरक्या वाटेत शिरलो. कुणाची टाच कशाला लागली नाही.

बांगडे पुळणीवर ओतले गेले तेव्हा सकाळ उजळली होती. निळी-चंदेरी रास, तडफडणारी. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, हा रापणीचा जुना नेम. सासरे एकेकाला वाटा घालत आईपाशी आले आणि तिचा शब्द आठवून घुटमळले. हातात बांगडे धरून तसेच उभे राहिले. तिची पाटी तर परक्या बंदराच्या माशांनी भरलेली.

आईने पाटीतले मासे एका बाजूला सारले.

"घाल," ती म्हणाली. "हात लागलो आसा माझो."

सासऱ्यांनी वाटा घातला. वर एक बांगडा जास्त टाकला. आईने हक्काचा वाटा तेवढा ठेवला, तो जास्तीचा बांगडा उचलला, पाण्यात खळबळून धुतला आणि माझ्या हातात दिला. मग पाटी डोक्यावर घेऊन ती बाजाराच्या रस्त्याला लागली.

त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांसाठी बांगड्यांचं तिकलं, तिखट कालवण, झालं. आईने दिलेला बांगडा मी त्यात घातला नाही. निखाऱ्यावर भाजला आणि चुलीपाशी बसून एकटीनेच खाल्ला.